बाबांच्या कानात डोंगर

लाज ही हट्टी भाडेकरूसारखी असते. एकदा घरात शिरली की निघता निघत नाही, वर आपल्यालाच विचारते, मी जाऊ कुठे. धाकट्याकडे ती आई गेल्यापासून मुक्कामाला होती, आणि कारण काय, तर एक अल्बम. गाण्यांचा अल्बम म्हणतानाही त्याची जीभ अडखळायची, कारण समोरच्याने पहिला प्रश्न हाच केला असता, की यात गाणं कुठंय.

त्या संगीताला अ‍ॅटमॉस्फेरिक ब्लॅक मेटल म्हणतात. नावाला घाबरायचं कारण नाही. आवाजाला मात्र बरेच जण घाबरतात. कुठल्यातरी गार देशातल्या एका माणसाने घरामागच्या शेडमध्ये एकट्याने बसून तो अल्बम केलेला. नाव लावलेलं नाही, फोटो नाही. कव्हरवर एक राखाडी डोंगर, तोही धुक्यात अर्धा गेलेला. सुरुवातीला नुसता वारा. मग गिटारी येतात, पण एक एक करून नाही. पत्र्यावर वाळू ओतावी तशा, आणि थांबतच नाहीत. त्या सगळ्याच्या पलीकडून, लांबून, एक माणूस ओरडतो. शब्द कळत नाहीत. शिव्या नाहीत, धमकी नाही. जीव तोडून ओरडतो, बस. आणि त्याच्या ओरडण्याखालून हळूहळू एक चाल वर येते, लहान मुलालाही गुणगुणता येईल इतकी साधी. शेवटच्या गाण्यात ओरडणं विरून जातं आणि ती चाल तेवढी उरते.

धाकटा त्याला डोंगर म्हणायचा. मनातल्या मनात. मोठ्याने म्हणायला होतंच कोण.

आई गेली तेव्हा घरात माणसं मावत नव्हती, आणि ज्याला त्याला धाकट्याच्या डोळ्यांत पाणी बघायचं होतं. "रड रे, मोकळा हो," म्हणून पाठीवर थापा बसत होत्या, जसा काही त्याला ठसका लागलाय. ताई रडली, बाबा रडले. शेजारचे काका, ज्यांच्याशी आईचं उभ्या जन्मात पटलं नाही, तेही रडले. हा आपला कोरडा ठणठणीत. एक मावशी म्हणालीसुद्धा, "पोरगं दगडाचं आहे."

नंतर कधीतरी फोनवर भलतंच काही शोधताना डोंगर समोर आला. गच्चीच्या जिन्यात बसून त्याने तो लावला. तो माणूस ओरडायला लागला आणि धाकट्याला वाटलं, अरे, हा माझं काम करतोय. मला जमलं नाही ते हा करतोय, आणि कुणी त्याच्या पाठीवर थापा मारत नाहीये. मग जे रडू आलं ते थांबेना. शर्टाच्या बाह्या भिजल्या.

हे कुणाला सांगणार? सख्ख्या आईसाठी डोळ्यांतून टिपूस काढलं नाहीस, आणि कुणा परक्याच्या आरडाओरड्यावर जिन्यात बसून गळा काढलास? त्यापेक्षा तोंड मिटून बसलेलं बरं.

कामावर आणखीच पंचाईत. धाकटा कानाच्या मशीनच्या दुकानात होता. दिवसभर लोकांच्या कानाचे साचे घ्यायचे, मशीन बसवायचं, आवाज कमी-जास्त करून द्यायचा, आणि उठता बसता एकच उपदेश करायचा: कान जपा, हेडफोन मोठ्याने लावू नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान. कारण दुपारी जेवणाच्या सुट्टीत, कान तपासायच्या त्या बंद खोलीत, जिथे बाहेरची टाचणीही ऐकू येत नाही, तिथे हा दार लावून डोंगर ऐकत बसायचा. मोठ्याने.

एकदा मॅडमनी दार उघडलं. मॅडम म्हणजे दुकानाच्या मालकीण, कान तपासणाऱ्याही त्याच.

"हे काय लावलंयस?"

धाकट्याच्या तोंडून जे निघालं ते तयार केलेलं नव्हतं. "नॉइज आहे, मॅडम. म्हटलं पेशंटला लावून बघू. गोंगाटात बोलणं कळतं का ते."

मॅडम जरा वेळ ऐकत उभ्या राहिल्या. "चांगलाय की. बाजारातल्या आवाजाला लोक सरावलेत. हाच वापर."

आणि वापरला. त्यानेच. काचेच्या अलीकडे बसून तो शब्द वाचायचा, "चमचा, खुर्ची, पाऊल," आणि काचेपलीकडे पेशंटच्या कानात मागून डोंगर. एक रिटायर झालेल्या मुख्याध्यापिका बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "शब्द सगळे कळले. पण मागच्या त्या माणसाला आधी सोडवा." दुकान आठवडाभर हसत होतं. काउंटरवरची मुलगी तर कुणी जास्त बोलायला लागलं की म्हणायची, "थांब, तुला नॉइज लावते." धाकटाही हसायचा. हसताना आपण काय करतोय ते त्याला बरोबर कळायचं.

आता बाबा.

बाबांनी जन्मभर पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर काम केलं. कान तिथेच ठेवून आलो, असं स्वतःच सांगायचे. मशीन लावा म्हटलं की म्हणायचे, "आता ऐकण्यासारखं राहिलंय काय?" पोरगा कानाच्या दुकानात आणि बाप बहिरा, यावर नातेवाइकांनी मारायचे तेवढे टोमणे मारून झाले होते. शेवटी बाबा तयार झाले ते नातीमुळे. ताईची बाळंतपणाची रजा संपत आली होती. ती कामावर गेल्यावर दिवसभर बाळापाशी बाबा बसणार, असं ठरलं होतं. ताईने एकच अट घातली. "ती रडली तर तुम्हाला ऐकू आलं पाहिजे, बाबा. नाहीतर ती तिकडे टाहो फोडतेय आणि तुम्ही इकडे पेपर वाचताय."

बाबांनी निमूटपणे कान पुढे केले.

मशीन धाकट्यानेच बसवलं. बाबा खुर्चीतून उठले, दोन पावलं चालले आणि थांबून खाली बघायला लागले. "माझ्या चपला एवढ्या बोलतात?" मग त्यांनी समोरच्या टेबलावरचा पेपर उचलला, पान उलटलं आणि दचकले. पुन्हा उलटलं. मॅडम हसल्या. धाकट्याला भरून आलं आणि त्याने तोंड फिरवून टेबलावरच्या वायरी आवरल्या.

चूक तिथेच झाली. हल्लीची मशीनं फोनला जोडता येतात. फोनमधला आवाज थेट कानात जातो. दुकानाची रीत अशी की चाचणीपुरतं मशीन आपल्या फोनला जोडायचं, काम झालं की आपल्या फोनवरून काढून गिऱ्हाइकाच्या फोनला जोडून द्यायचं. बाबांचा फोन बटणांचा, त्याला काय जोडणार? म्हणून मशीन धाकट्याच्या फोनवर तसंच राहिलं. आणि चाचणीसाठी केलेलं सेटिंगही राहिलं: मशीन जवळ आलं की फोनने बाकी सगळं सोडायचं आणि आवाज मशीनकडे वळवायचा. परक्या गिऱ्हाइकाचं तो कधी विसरला नव्हता. आपलाच बाप, म्हटलं घरी बघू.

घरी कोण बघतंय.

रोज संध्याकाळी दुकानातून निघाला की हेडफोन कानाला आणि डोंगर सुरू. घर चालत जायच्या अंतरावर. पण अंतर डोंगरापेक्षा थोडं तोकडं. बिल्डिंगच्या जिन्याशी यायचा तेव्हा शेवटचा भाग उरलेला असायचा. आणि धाकट्याचा एक नेम होता. डोंगर मधे बंद करायचा नाही. माणूस काही सांगत असताना त्याच्या तोंडावर दार लावून घेऊ नये, तसं. म्हणून जिन्याच्या पहिल्या पायरीशी तो हेडफोन काढायचा, चालूच पिशवीत ठेवायचा आणि वर जायचा. पिशवीत तो माणूस आपला एकटा ओरडून, चाल वाजवून, संपून जायचा. निदान धाकट्याची तशी समजूत होती.

मशीन लावून थोडे दिवस झाले असतील. धाकटा घरात शिरला, चपला काढत होता, तेवढ्यात खुर्चीतून बाबा म्हणाले, "बाहेर कुणी ओरडतंय का रे?"

धाकट्याला वाटलं, हेडफोनमधून झिरपतंय आणि बाबांच्या नव्या कानांनी पकडलं. त्याने पिशवी छातीशी धरली, हळूच कान लावला. आत काहीच वाजत नव्हतं.

"नाही हो, बाबा."

"माणूस ओरडल्यासारखं."

"छे. काहीच आवाज नाहीये."

"वारा सुटलाय का मग?"

"पान हलत नाहीये बाहेर."

बाबांनी मान हलवली आणि पेपर उचलला. पण वाचत नव्हते. डोळे एकाच जागी होते.

दुसऱ्या कुणी गिऱ्हाइकाने हे विचारलं असतं तर धाकट्याचा पहिला प्रश्न असता, मशीनमधून येतंय का. ते त्याचं रोजचं काम होतं. पण चोराच्या मनात चांदणं. ओरडणारा माणूस म्हटल्याबरोबर त्याचं सगळं डोकं झाकाझाकीला लागलं, कामाची अक्कल राहिली बाजूला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पुन्हा विचारलं. जरा हसत, सहज विचारल्यासारखं. "आज पण कुणी ओरडत नाही ना?"

"बाबा, तुम्हाला भास होतोय," धाकटा म्हणाला आणि आत निघून गेला.

त्यानंतर बाबांनी विचारलं नाही.

पण एक नवीन सुरू झालं. दारात किल्लीचा आवाज झाला की बाबा दोन्ही कानांतली मशीनं काढायचे आणि डबीत ठेवून द्यायचे. दिवसभर लावून बसायचे, आणि धाकटा आला की कान बंद. पहिल्या दिवशी त्याने लक्ष दिलं नाही. मग लागलं. चांगलंच लागलं. आपण एवढ्या मायेने मशीन बसवलं, आणि यांना जगातलं सगळं ऐकायचंय, फक्त मुलगा सोडून.

"माझं बोलणं नको असेल तर तसं सांगा," एकदा तो पाणी पिता पिता म्हणाला.

"काय?" बाबा म्हणाले.

"काही नाही."

"काय म्हणतोस?"

"काही नाही म्हटलं."

रविवारी सकाळी ताई बाळाला घेऊन आली. बरोबर दुपटी, बाटल्या, आणि बाबांकडे ठेवायचं म्हणून एक खुळखुळा. तिने सामान टेबलावर मांडलं आणि कुठल्या वेळी काय ते सांगायला लागली. बाबा भिंतीशी उभे होते, हात मागे बांधून. मशीन कानात होतं. ताई असली की ते काढत नसत.

"मला नाही जमणार," बाबा म्हणाले.

"काय नाही जमणार? बाटली? सोपं आहे, मी दाखवते."

"पोरीला ठेवायला नाही जमणार. दुसरं कुणी बघ."

ताईचा हात बाटलीवर तसाच राहिला. "आता सांगताय? आणि दुसरं कुणी म्हणजे कोण, हा?" तिने धाकट्याकडे हनुवटी केली. "याला स्वतःचा दुसरा मोजा सापडत नाही."

"वय झालं माझं."

"गेल्या महिन्यात नव्हतं झालं?"

ताईने सरळ बाळ उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. बाबांनी घेतलं. क्षणभर त्यांचा चेहरा मऊ झाला, आणि मग निखारा हातात आल्यासारखं त्यांनी तिला परत पुढे केलं. "घे. घे बाई."

"नकोशी झाली म्हणा ना सरळ," ताई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "कानच नको होते द्यायला तुम्हाला. निदान बहिरे आहात म्हणून समजूत घातली असती मी स्वतःची." तिने दुपटी पिशवीत कोंबली. चहा अर्धा टाकून गेली. खुळखुळा टेबलावरच राहिला.

धाकट्याने बापाकडे असं बघितलं की बाबांनी मान खाली घातली. मशीनं काढून डबीत ठेवली, ताईचा कप उचलला आणि स्वयंपाकघरात गेले.

नळ सुरू झाला. आणि नळाच्या आवाजात बाबा गुणगुणायला लागले.

बहिऱ्या माणसाला आपण किती मोठ्याने गुणगुणतो ते कळत नाही. आवाज सपाट, घशातला, जरा फाटका. पण चाल बरोबर होती. वर जाणारे ते सूर, मग एक थांबा, मग आणखी वर जाईल असं वाटताना गपकन खाली उतरणं. धाकटा ज्या खुर्चीत बसला होता तिथेच गोठला. ही चाल या घरात त्याच्याशिवाय कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. ही डोंगराच्या शेवटच्या गाण्याची चाल होती.

त्याने फोन काढला. जोडलेल्या वस्तूंच्या यादीत सगळ्यात वर, हेडफोनच्याही वर: बाबा उजवा. बाबा डावा.

मग सगळं एकदम कळलं, आणि उलट्या क्रमाने कळलं. किल्लीचा आवाज झाला की मशीन का काढायचे. वारा सुटलाय का. कुणी ओरडतंय का. रोज संध्याकाळी आपण हसत दार उघडत होतो, आणि खिशात तो माणूस घेऊन येऊन बापाच्या कानात सोडत होतो. वर त्याला सांगत होतो, भास होतोय.

आता खरं म्हणजे उठून आत जायचं आणि सांगायचं. धाकट्याने काय केलं? बोटाने दोन्ही मशीनं यादीतून काढून टाकली. चोराने पळताना पायाचे ठसे पुसावेत तशी. आणि मग आत जाऊन, बाबांना खुणेने मशीन घालायला लावून, डॉक्टरी आवाजात म्हणाला, "बाबा, मशीनमध्ये एक बिघाड होता. मी काढलाय. आता ते आवाज येणार नाहीत."

बाबांनी हात पुसले. "कुठले आवाज?"

"ते. ओरडण्याचे. तुम्ही विचारत होता ना."

बाबांनी नळ बंद केला आणि स्टुलावर बसले. बराच वेळ टॉवेलची घडी घालत राहिले. मोडली, परत घातली.

"मशीनचं नाही ते," ते म्हणाले. "मला आधी तसंच वाटलं. पण मशीन काढून ठेवलं तरी येतं. पडल्यावर येतं. भांडी घासताना येतं."

"ओरडणं?"

"ओरडणं नाही. त्याच्या मागचं ते. गाण्यासारखं." त्यांनी छातीवर बोट ठेवलं. "इथे येऊन बसलंय. थोरल्याचं असंच सुरू झालं होतं."

थोरले म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. धाकट्याला ते पुसटसे आठवत होते: खिडकीशी बसून, तिथे नसलेल्या कुणाशी तरी भांडणारे.

"आधी म्हणायचा, कुणीतरी हाक मारतंय," बाबा म्हणाले. "आम्ही म्हणायचो, कुणी नाही रे. मग तो उत्तरं द्यायला लागला. तेव्हा मीच तुझ्या आईला सांगितलं होतं, पोरांना त्याच्यापाशी एकटं ठेवू नको. माझा सख्खा भाऊ. त्याने ते ऐकलं होतं." ते थांबले. "आता माझ्यावर तीच वेळ आली, तर मी स्वतःला वेगळा नियम लावू? ताईला यातलं काही बोलू नकोस. वय झालं, एवढंच सांग. रागावू दे तिला."

आणि एवढं होऊनही, माणूस किती चिवट असतो बघा, पहिलं जे धाकट्याच्या तोंडातून आलं ते खोटंच होतं.

"बाबा, ती दुकानातली फाइल आहे. नॉइजची. पेशंटला तपासायला लावतो ती. चुकून तुमच्या मशीनमध्ये गेली."

बाबांनी वर बघितलं. चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी आलं, पण टिकलं नाही. "दुकानातली फाइल रोज संध्याकाळी इथे कशी येते? आणि नॉइजला चाल असते?"

खिडकी उघडी होती. खाली कुणीतरी स्कूटर पुसत होतं.

"माझं आहे ते," धाकटा म्हणाला. "मी ऐकतो. रोज. घरी येताना माझ्या फोनवर चालू असतं, तेच तुमच्या कानात जात होतं. तुम्हाला काही झालेलं नाही, बाबा. तुम्ही अगदी बरोबर ऐकत होता."



"मी तुला विचारलं होतं," बाबा म्हणाले.

"हो."

"दोन दिवस विचारलं."

"हो."

"भास म्हणालास."

"मला लाज वाटली."

"कशाची?"

"त्या गाण्याची. लोक हसतात. दुकानात सगळे हसतात."

"हां." बाबांनी टॉवेल बाजूला ठेवला. "म्हणजे बापाला वेड लागलं तरी चालेल. तुला कुणी हसायला नको."

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर धाकट्याला जरा बरं वाटलं असतं. तो फरशीच्या एका फुटक्या कोपऱ्याकडे बघत उभा राहिला. आत शिरून नाहीसं होता येईल एवढी भेग तिथे नव्हती.

"लाव," बाबा म्हणाले.

"काय?"

"तेच. पहिल्यापासून लाव. मला नेहमी मधूनच लागायचं."

धाकट्याने मशीनं पुन्हा जोडली आणि डोंगर लावला. आवाज सगळा बाबांच्या कानात; स्वयंपाकघरात नळाचं टपटप सोडून काही नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा डोंगर चालू होता आणि त्याला ऐकू येत नव्हता. बापाच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायचा. आता वारा असेल. आता गिटारी आल्या, कारण बाबांच्या भुवया वर गेल्या. आता तो. बाबांनी डोळे मिटले. धाकट्याला वाटलं आपल्याला भर बाजारात कपडे उतरवायला लावलेत, आणि बाजारात गिऱ्हाईक एकच आहे.

"प्रेसखान्यात असंच असायचं," बाबा मोठ्याने म्हणाले. कानात आवाज भरला की माणूस ओरडूनच बोलतो. "सगळे प्रेस एकदम चालले की. पलीकडून कुणी हाक मारली तर अशीच यायची. लांबून." मग थोड्या वेळाने, "हा का ओरडतोय?"

"माहीत नाही. शब्द कळत नाहीत."

"मग तू कशाला ऐकतोस?"

धाकटा फरशीकडे बघून बोलला. "आई गेली तेव्हा मला रडू आलं नव्हतं."

एवढं बोलायला त्याला इतकी वर्षं लागली होती. त्याने मान वर केली.

"काय?" बाबा ओरडले. "याच्या आवाजात ऐकू नाही आलं. मोठ्याने सांग."

आता यावर माणसाने काय करावं. धाकट्याने खिडकीकडे बघितलं, खालचा स्कूटरवाला अजून तिथेच होता, आणि मग तो मोठ्याने, घरात कधी बोलला नव्हता इतक्या मोठ्याने म्हणाला, "आई गेली तेव्हा मला रडू आलं नाही. हे ऐकून आलं."

खाली स्कूटर पुसायचं थांबलं.

बाबांच्या कानात तो माणूस अजून ओरडत असणार. त्यांनी पाठीवर थाप मारली नाही, जवळ घेतलं नाही. फक्त हाताने खूण केली. "बंद कर."

"मधेच?"

"मधेच. उरलेलं मला पाठ आहे. ताईला फोन लाव."

धाकट्याने डोंगर मधे बंद केला. पहिल्यांदा. मग फोन लावून स्पीकरवर टेबलावर ठेवला, खुळखुळ्याशेजारी.

"बोल," ताई म्हणाली. मागे बाळ कुरकुरत होतं. "बाबांची वकिली करणार असशील तर ठेवते मी."

"ताई, ते मशीनमध्ये जरा…" धाकट्याने सुरुवात केली.

बाबा समोर बसले होते, दोन्ही कानांत मशीन, एकही शब्द न चुकता ऐकत. त्यांनी नुसतं बघितलं.

"मशीनमध्ये काही नव्हतं," धाकटा म्हणाला. "माझं गाणं त्यांच्या कानात जात होतं. चूक माझी. त्यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं, थोरल्या काकांसारखं झालंय आपल्याला. म्हणून ते बाळाला…"



"म्हणून त्यांनी तिला परत दिली?" ताई म्हणाली. "आणि तू तिथेच उभा होतास. मी काय काय बोलले त्यांना."

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"तुला त्यांनी विचारलं होतं म्हणालास ना? मग?" उत्तराची वाट न बघता तिने विचारलं, "कसलं गाणं आहे असं?"

"ओरडण्याचं."

"तू? तू ओरडण्याचं गाणं ऐकतोस? तुला दुकानात सुट्टे मागताना आवाज फुटत नाही."

"हो."

"उद्या येते मी. तुझ्याशी वेगळं बोलायचंय." मग तिचा आवाज बदलला. "बाबा आहेत का तिथे?"

"ऐकतोय मी," बाबा म्हणाले.

"बाबा… मी सकाळी…"

"पोरीला आण येताना. तिचा खुळखुळा इथेच राहिलाय."

ताईने नाक ओढलं. "एवढं भयंकर आहे का हो ते गाणं?"

बाबांनी जरा विचार केला. पूर्वी पत्रा हातात घेऊन त्याची जाडी सांगायचे, तसा चेहरा करून.

"सुरुवातीला त्रास होतो," ते म्हणाले. "शेवट बरा आहे."

धाकट्याने मान वर केली नाही. कान तापून लाल झाले होते. आणि उद्या दुकानात जाऊन मॅडमना सांगायचं होतं की ते नॉइज नाही. ते अजून उरलंच होतं.